बटईच्या वावरात अवकाशयान

दुसऱ्याच्या टीव्ही मालिकेवर कादंबरी लिहायची असेल तर कागद-पेन नंतर घ्या, आधी सातबारा पाहा. वावर कोणाच्या नावावर आहे?

मी गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाजवळच्या एका गावात राहतो. दिवसा राईस मिलमध्ये हिशेब लिहितो आणि पंचवीस-तीस वर्षांपासून झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भाच्या, नाटक कंपन्यांसाठी नाटकं लिहितो. अवकाशयानाशी माझा तसा काही संबंध नाही. मागच्या उन्हाळ्यात नागपूरहून भाचा आला. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. आंब्याच्या कोया ताटात मोजत मोजत तो म्हणाला, "मामा, मला एका मालिकेवर कादंबरी लिहायची आहे. कॅप्टन तोच, यान तेच, गोष्ट माझी." मालिकेचं नाव इथे सांगत नाही. अजून कोणाची परवानगी काढलेली नाही.

मी म्हटलं, बाबू, हे तर बटईचं काम झालं. जमीन मालकाची, घाम आपला, पीक दोघांचं. बटईदाराने कोणतं धान लावायचं, रोवणी कधी करायची, हे थोडंफार ठरवावं. पण धुऱ्यावरचं, म्हणजे शेताच्या हद्दीवरचं, मोहाचं झाड तोडायचं नाही, बांध सरकवायचा नाही आणि हंगाम संपला की बांधी होती तशी परत द्यायची. बाकी जे सांगणार आहे ते याच एका गोष्टीच्या पोटातलं आहे.

आधी माझी फजिती

साधारण पंचवीस वर्षांपूर्वी एका कंपनीने मला गाजलेल्या नाटकाचा दुसरा भाग लिहायला सांगितला. पहिला भाग दुसऱ्या लेखकाचा. त्यातला मालगुजार, म्हणजे गावचा जमीनदार आणि नाटकातला खलनायक, एवढा चालला होता की बायका त्याला शिव्या द्यायला पुढच्या रांगेत बसत. मी जोशात आलो आणि तिसऱ्या अंकात त्याला मारून टाकलं. प्रसंग काय जमला होता म्हणून सांगू! विहीर, कंदील, म्हातारीचा शाप, सगळं.

पहिल्या प्रयोगाआधी कोणी संहिता शेवटपर्यंत वाचलीच नाही. आमच्याकडे तालमी किती होतात ते झाडीपट्टीतल्या माणसाला विचारा. निम्मं नाटक खालून संवाद सांगणाऱ्या प्रॉम्प्टरच्या भरवशावर असतं. रात्री दहाला सुरू झालेला प्रयोग पहाटे चारला त्या अंकापर्यंत आला आणि मालगुजार मेला. त्याच्याच चेहऱ्याच्या पोस्टरवर पुढच्या शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या जत्रेच्या, तारखा घेऊन झाल्या होत्या. मालक विंगेत माझ्याजवळ आले. रागावले नाहीत, ते जास्त वाईट. म्हणाले, "लेखकजी, तुम्ही माझा बैल विकला जी." मग शेवटच्या प्रवेशात प्रेत उठलं, खोकललं आणि उजवीकडून निघून गेलं. लोक हसून हसून पडले. दुःखाचा प्रसंग होता तो.

तेव्हापासून पहिला नियम पक्का झाला. मालकाला पुढच्या हंगामात जे लागणार आहे, ते मारायचं नाही, लग्न लावून बसवायचं नाही, आंधळं करायचं नाही.

सातबारा पाहणे म्हणजे काय

मालिकेतली पात्रं, त्यांची गोष्ट, यानाचं नाव हे सगळं कोणाच्या तरी मालकीचं असतं. आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. लेखकाच्या हयातीनंतर साठ वर्षं त्याच्या साहित्यकृतीचा हक्क टिकतो आणि त्यावरून दुसरी कृती रचायला परवानगी द्यायची की नाही, हे हक्कदार ठरवतो. म्हणून घरी वहीत लिहा, मित्राला वाचून दाखवा, हात बसवा. पण छापून विकायचं असेल तर मालकाचा कागद पाहिजे.

असा कागद साधारणपणे नवख्याला मिळत नाही. मालिकेवाले प्रकाशकाला हक्क देतात आणि प्रकाशक आधी नाव झालेल्या किंवा वेळेवर काम देणाऱ्या लेखकाला बोलावतो. कथासार आधी मंजूर करून घ्यावं लागतं. मग मसुदा मालिकेवाल्यांकडे जातो आणि तिथून खुणा होऊन परत येतो. पैशाचं आणि हक्काचं जे ठरेल ते करारात असतं. पुस्तकाचा हक्क लेखकाकडे राहीलच असं नाही. भाचा इथे थोडा हिरमुसला. मी त्याला विचारलं, बटईदाराच्या नावावर जमीन होते का कधी? पण भात तर त्याच्याही घरी शिजतो.

बोलावणं यायचं असेल तर स्वतःची चार पिकं आधी बाजारात आलेली बरी. मग मी त्याला एका म्हाताऱ्याची गोष्ट सांगितली. खरं तर त्याचं पुस्तक भाच्यानेच आणलेलं होतं, वाचलं मात्र मी.

मूरकॉक नावाचा मोठा शेतकरी

मायकल मूरकॉक, जन्म १९३९, लंडनचा. अद्भुत कादंबऱ्या वाचणाऱ्यांत हे नाव फार मोठं. १९६१ मध्ये त्याने एल्रिक नावाचा राजा जन्माला घातला. पांढरा फटक, अंगात ताकद नाही, आणि हातातली तलवार लोकांचे आत्मे पिऊन त्याला ताकद देते. दणकट नायकांच्या गर्दीत हा आजारी नायक. १९६४ पासून त्याने 'न्यू वर्ल्ड्स' हे मासिक चालवलं आणि इंग्रजी विज्ञानकथेची चालच बदलून टाकली. एकाला एक लागून असलेली असंख्य विश्वं, आणि त्यात वेगवेगळ्या नावांनी पुन्हा पुन्हा जन्मणारा एकच वीर, हा त्याच्या सगळ्या लिखाणाचा पाया.

असा माणूस वयाच्या सत्तराव्या वर्षी 'डॉक्टर हू'च्या वावरात बटईला गेला. २०१० मध्ये 'द कमिंग ऑफ द टेराफाइल्स' हे त्याचं पुस्तक आलं. ती टीव्ही मालिका ब्रिटनची, काळातून फिरणाऱ्या 'डॉक्टर' नावाच्या नायकाची, २३ नोव्हेंबर १९६३ ला सुरू झालेली. मध्ये बंद पडली, २००५ मध्ये नव्याने उभी राहिली. मूरकॉकला मिळाला तो अकरावा डॉक्टर, म्हणजे त्या नायकाचा अकरावा अवतार, आणि त्याची सोबतीण एमी पाँड.

मला या सगळ्यात एक गोष्ट फार आवडली. या माणसाने तरुणपणी स्वतःचं एक पात्र, जेरी कॉर्नेलियस, मित्रलेखकांना मोकळं दिलं होतं. घ्या, लिहा यावर गोष्टी. त्यांनी लिहिल्या आणि १९७१ मध्ये त्यांचा संग्रहही निघाला. म्हणजे हा आधी जमीन देणारा मालक, नंतर दुसऱ्याची जमीन कसणारा. दोन्हीकडून बांध पाहिलेला माणूस.

मालिका कशी पाहायची

प्रेक्षकासारखी पाहू नका. प्रॉम्प्टरसारखी पाहा. प्रॉम्प्टर स्टेजसमोर खाली बसतो, त्याला नटांचे चेहरे निम्मेच दिसतात, पण कोण कुठे अडखळेल हे त्याला माहीत असतं. मी भाच्याला मालिकेचे दोन भाग टीव्हीकडे पाठ करून ऐकायला लावले. फक्त आवाज. कॅप्टन घाबरला की वाक्य लांबवतो की तोडतो? खोटं बोलताना समोरच्याचं नाव घेतो का? हे वहीत लिहून काढ.

दुसऱ्या पानावर, पात्र काय कधीच करत नाही ते. ही यादी जास्त कामाची. डॉक्टरचं पाहा. तो प्रश्न बंदुकीने सोडवायला जात नाही. डोकं, गप्पा आणि एक आवाज करणारा पेचकस. त्याचं यान बाहेरून निळी पोलीस पेटी, आतून बाहेरच्यापेक्षा मोठं. मरायला टेकला की नवं शरीर घेतो. वाचकाला हे सगळं आधीच पाठ असतं. त्यामुळे ते समजावून सांगत बसायची गरज नाही, पण एका जागी चुकलात तर तो पुस्तक मिटतो.

पुस्तकात नटाचा चेहरा नसतो, हेही ध्यानात ठेवा. पडद्यावर नुसती भुवई वर गेली की काम होतं. कागदावर ती भुवई दर दोन पानांनी उचललीत तर पात्राला लकवा झाल्यासारखं वाटतं. त्यासाठी दुसरं काहीतरी शोधा: हात कुठे जातो, कशाकडे पाहायचं टाळतो.

पडीक तुकडा शोधा

हे खरं काम आहे. मालकाने नांगरलेल्या तासातूनच पुन्हा नांगर फिरवला तर हाती काय येणार? मालिकेने ज्याच्याकडे वळून पाहिलं नाही असा कोपरा शोधायचा.

'स्टार ट्रेक' या अमेरिकन अवकाश मालिकेवाल्यांनी हे छान केलेलं आहे. जॉन एम. फोर्ड, जागतिक फँटसी पुरस्कार मिळालेला लेखक. त्याने १९८४ मध्ये मालिकेतल्या शत्रूंच्या, क्लिंगॉनांच्या घरात शिरून कादंबरी लिहिली. नेहमीचं यान आणि त्याची माणसं नुसती दाराच्या चौकटीपुरती. बार्बरा हॅम्बली ही ड्रॅगन आणि जादूगारांच्या कादंबऱ्यांसाठी नावाजलेली. तिने १९८५ मध्ये मालिकेतल्या स्पॉक या मुख्य पात्राची स्मृती काढून घेतली आणि त्याला १८६० च्या दशकातल्या सिॲटलमध्ये, लाकूडतोड्यांच्या वस्तीत नेऊन सोडलं. त्यातही गंमत अशी की ती वस्ती एका भलत्याच जुन्या टीव्ही मालिकेतली, आणि त्या मालिकेत काम करणारा एक नट 'स्टार ट्रेक'मध्ये स्पॉकचा बाप झालेला. जाणकाराला गालात हसता येतं, न जाणणाऱ्याचं काही अडत नाही. असं पेरता आलं पाहिजे.

आणि वोंडा मॅकइन्टायर. सुलू हा यान चालवणारा, पण मालिकेत त्याला पहिलं नावच नव्हतं. १९८१ च्या कादंबरीत तिने त्याला हिकारू हे नाव दिलं. दहा वर्षांनी, १९९१ च्या चित्रपटात तेच नाव पडद्यावर उच्चारलं गेलं. बटईदाराने लावलेलं झाड मालकाने ठेवून घेतलं. तिने बांध सरकवला नव्हता, नुसती रिकामी जागा पाहिली होती.

उलटंही होतं. 'स्टार वॉर्स'च्या पहिल्या चित्रपटानंतर, १९७८ मध्ये ॲलन डीन फोस्टरने एक कादंबरी लिहिली. त्यात नायक ल्यूक आणि राजकन्या लेया यांच्यात ओढ आहे. १९८३ च्या चित्रपटात मालकाने जाहीर केलं की ते बहीणभाऊ. आता लेखकाने काय करावं? ते चित्रपटाचं झालं, पण धडा तोच. मालकाच्या पोटात काय आहे ते आपल्याला कळत नाही, म्हणून मुख्य पात्रांची प्रेमप्रकरणं आपण जुळवू नयेत.

मूरकॉकने पडीक तुकडा कुठला घेतला? फार फार दूरचं भविष्य. तिथे जुन्या पृथ्वीवर जीव टाकणारी माणसं आहेत, टेराफाइल्स. पृथ्वीचे खेळ ते भक्तीने खेळतात, पण मधल्या काळात माहिती एवढी झिजली की क्रिकेट आणि धनुर्विद्या यांची भेळ झालेली. बक्षीस म्हणजे एक चांदीचा बाण. त्यात एका श्रीमंत बाईची भली मोठी टोपी चोरीला जाते. मला ते वाचताना आमच्या मंडईतल्या, म्हणजे गावच्या जत्रेतल्या, दंडार या लोकनाट्याची आठवण झाली. पोरं राम-रावणाची सोंगं घेतात आणि रावणाच्या मनगटावर घड्याळ असतं. काळ झिजला की असंच होतं.

स्वतःचं बी किती टाकायचं

इथे माझं आणि भाच्याचं भांडण झालं. मूरकॉकने त्या पुस्तकात स्वतःचं पुष्कळ आणलंय. अवकाशातले समुद्री चाचे, त्यांचा कॅप्टन कॉर्नेलियस (नाव ओळखलंत ना), एकमेकांत शिरणारी विश्वं. वरून वुडहाउस या इंग्रजी विनोदी लेखकाच्या धाटणीचा हलका विनोद. भाचा म्हणाला, "मामा, यात डॉक्टर कुठे आहे? हा तर यांच्याच घरचा कार्यक्रम झाला."

त्याचं अगदीच चूक नाही. कितीतरी पानं डॉक्टर पाहुण्यासारखा बाजूला बसलाय. वेळच्या वेळी डॉक्टर हवा असणाऱ्या वाचकाला हे खुपणार. पण माझं मत असं की मूरकॉकला बोलावून त्याच्याकडून कोणीही लिहिलं असतं असं पुस्तक घ्यायचं, तर बोलावलं कशाला? डॉक्टरचं यान कुठल्याही काळात, कुठल्याही विश्वात जातं. मूरकॉकची विश्वं एकाला एक लागलेली. दोघांचा धुरा लागूनच होता, त्याला उडी मारावी लागली नाही. तुमचा धुरा मालिकेला कुठे लागतो ते पाहा. जिथे लागत नाही तिथून बी फेकू नका, ते रस्त्यावर पडेल.

चार भाग, सहा प्रकरणं

आता लिहायची रीत. करारात मुदत कमी असते म्हणून ही उपयोगाची. तरुणपणी मूरकॉक तीन दिवसांत एक कादंबरी उडवायचा आणि ते कसं, हे त्याने नंतर सांगून ठेवलं आहे. ऐकून वाटतं फुशारकी. पण तीन दिवस नुसते लिहायचे. तयारी आधीच झालेली असायची.

साठ हजार शब्द धरायचे. चार भाग, प्रत्येकी पंधरा हजारांचा. प्रत्येक भागात सहा प्रकरणं. दर चार पानांत काहीतरी घडलंच पाहिजे. वेळ संपत चालली आहे हे सतत जाणवलं पाहिजे. सगळ्यांना हवी असलेली एक वस्तू पाहिजे आणि तिच्या मागे लागलेली बरीच माणसं. टेराफाइल्समधला चांदीचा बाण आठवा. चाळीस-पन्नास वर्षांनी म्हातारा तीच युक्ती वापरतोय. शिवाय विचित्र वस्तूंची आणि दृश्यांची यादी आधीच करून ठेवायची, लिहिता लिहिता अडलं की त्यातून एक उचलायची. नायकासोबत एक सोबती हवा, कारण नायकाला भीती, थट्टा, कंटाळा दाखवता येत नाही, ते सोबत्याने दाखवायचं. आमच्या नाटकात ते काम विनोदी गडी करतो. त्याला काढून पाहा, मध्यरात्रीनंतर मंडपात घोरणं ऐकू येईल.

आम्ही मिलच्या जुन्या बिलांच्या पाठीवर यादी केली. भाच्याला वस्तू सुचेना. लेझर, स्फटिक, गुप्त चिप असलं काहीबाही. मी म्हटलं, घरात पाहा. कोपऱ्यात आजीची पितळी पायली होती, धान मोजायची. त्याचे डोळे चमकले. मालिकेतल्या यानाचं काळ मोजायचं यंत्र हरवलंय आणि ते मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या गाळात सापडून एका गावात पायली म्हणून वापरात आहे. तिने धान मोजलं की मोजणाऱ्याचा तेवढा वेळ जातो. बटईच्या वाटणीला मालक आणि बटईदार दोघंही मोजायला घाबरतात, तू मोज, तू मोज. आता वस्तूच्या मागे कोण कोण? कॅप्टन, मालिकेतला नेहमीचा शत्रू, जमीनमालक, आणि एक म्हातारी जिला आपला नको असलेला वेळ घालवायचाच आहे. ही म्हातारी पोट्ट्याने स्वतः काढली. मला नाही सुचली असती.

वेळेची टांगती तलवार? तलावाचं दार उघडायचा दिवस. पाणी सुटलं की गाळात रुतलेलं यान वाहून जाणार. सहा दिवस.

भाषेचं काय करायचं

स्पेसशिप की अवकाशयान, यावर महिना घालवू नका. पात्राच्या तोंडी जे येईल ते. शास्त्रज्ञ अवकाशयान म्हणेल, पोरं स्पेसशिप म्हणतील, म्हातारी "ते लोखंडाचं घरटं" म्हणेल. जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा वाचा. शास्त्राचं बोलणं साध्या मराठीत किती सहज बसतं ते कळेल. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी पहिली कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या खोट्या नावाने, म्हणजे नावाकडे पाहून कोणी बक्षीस देऊ नये. मालिकेच्या कादंबरीवर तर मालिकेचंच नाव मोठ्या अक्षरांत असतं. आपलं नाव लहान आहे म्हणून मसुदा सैल सोडला तर पकडले जाणार आपणच.

शेवटचं प्रकरण आधी लिहा

परतीचा हिशेब आहे हा. पुस्तक संपलं की मालिका जिथे होती तिथे असली पाहिजे. कॅप्टन जिवंत, शत्रू पळालेला, यान दुरुस्त. मग बदललं काय? ज्या माणसांना तुम्ही आणलं ती बदलली पाहिजेत. त्यांच्यावर मालकाचा हक्क सांगायला कोणी येणार नाही, त्यांना मारा, रडवा, लग्न लावून द्या. माझ्या मालगुजाराच्या वेळी मला हे कळलं असतं तर त्या विहिरीत मी त्याचा दिवाणजी ढकलला असता. प्रसंग तेवढाच रंगला असता आणि पोस्टरही वाया गेलं नसतं.

भाच्याने शत्रूला तलावात बुडवलं होतं. मी खोडलं. म्हातारी मात्र त्याने तशीच ठेवली, आणि ती शेवटी एकटीच रात्रभर धान मोजत बसते ते पान मी दोनदा वाचलं.

आता तो चाळिसाव्या पानावर आहे. परवा रात्री साडेअकराला फोन आला. "मामा, गावात कॅप्टनला जेवायला बसवलं. पंगत आहे. तो बूट काढेल का?"

मी म्हटलं, मालिका पुन्हा पाहा. कुठे तो कोणाच्या घरी जेवतो का?

"पाहिली सगळी. कमरेखाली त्याला कधी नीट दाखवलंच नाही. पाय कसे आहेत तेसुद्धा माहीत नाही."

"मग तो तुकडा तुझा," मी म्हटलं. "काढ बूट."